बरोबर म्हणजे काय?

मराठीत ‘बरोबर’ या एका शब्दाला तीन अर्थ आहेत. गणिताचे उत्तर बरोबर आले म्हणजे ते अचूक आले. तराजूची दोन्ही पारडी बरोबर झाली म्हणजे ती सारखी झाली. आणि ‘माझ्याबरोबर चल’ म्हटले म्हणजे सोबत चल. शब्द मूळचा फारसी. ‘बर’ म्हणजे छाती. छातीसमोर छाती येणे म्हणजे ‘बराबर’. ईदच्या नमाजनंतर गळाभेट घेताना दोन माणसे जशी उभी राहतात, तसा हा शब्द आहे. प्रमाण उर्दूत तो मुख्यतः सारखेपणासाठी येतो. पण वऱ्हाडात आमच्या घरांतून जी उर्दू बोलली जाते, तिच्यात मराठीच्या शेजाराने तिन्ही अर्थ नांदतात. ‘तेरा बराबर है’ म्हणजे तुझे खरे आहे, आणि ‘मेरे बराबर आ’ म्हणजे माझ्यासोबत ये.

अचूक, सारखे आणि सोबत. हे तीन अर्थ खरोखर एकच आहेत का? जे सारखे असेल तेवढेच न्याय्य असते का? आणि दोन माणसांना सोबत यायचे असेल, तर त्यांच्यातली देवघेव काट्यावर तोलून सारखी करावी लागते का? प्रश्न मोठे आहेत. पण आमच्यापुढे ते एका अगदी लहान गोष्टीने उभे केले आहेत. ती गोष्ट म्हणजे मुलांनी हाताने केलेली, तळहातात मावणारी कागदी कार्डे.

सुलतानपूर हे बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातले गाव. अशा गावांतून उर्दू माध्यमाच्या वर्गांना शिकवणारे आम्ही शिक्षक. रमजान अर्ध्यावर आला की कार्यानुभवाच्या तासाला मुले ईद कार्डे करायला बसतात. बाजारातून आणलेले सामान थोडे, घरातून आणलेले जास्त. गेल्या मोसमातल्या लग्नपत्रिका, जुन्या कॅलेंडरची पाने, पतंगाचा कागद, जिलेटीन, चॉकलेटची चांदी, आईच्या फाटक्या ओढणीची किनार, जर, चमकी, टिकल्या, वहीत दाबून वाळवलेली पाने. कुणी सीताफळाच्या बिया आणतो, कुणी चिंचोके घासून आणतो. धान्य मात्र चिकटवायचे नाही असे बहुतेक घरांतून बजावलेले असते, कारण ते रिज्क आहे, खेळण्याची वस्तू नव्हे. डिंक किंवा मैद्याची खळ. त्यावर चाँद, मिनार, वेलबुट्टी आणि जमेल त्या खतात ‘ईद मुबारक’. मग नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याच्याशी कार्डाची अदलाबदल करायची.

इथेच दरवर्षी तक्रार उठते. एकीने चार दिवस खपून जाळीदार कातरकाम केलेले असते. तिच्या वाट्याला येते ते वहीच्या रेघांच्या कागदावर पेन्सिलने काढलेले, डिंकाचे डाग पडलेले कार्ड. तिचे डोळे भरतात. ती म्हणते, ‘सर, ये बराबर नहीं हुआ.’ आणि समोरचा मुलगा, ज्याला ते सुंदर कार्ड मिळालेले असते, तोही खूश नसतो. तो कार्ड पाठीमागे लपवतो. सगळ्या वर्गाने त्याच्या कार्डाची किंमत केलेली त्याला कळलेली असते.

ही तक्रार पोरकट म्हणून सोडून देणे सोपे आहे. आम्हाला ती पोरकट वाटत नाही. मेहनतीचा मोबदला मेहनतीएवढा असावा, ही मागणी न्यायाची आहे. मजुराने केली तर आपण तिच्या बाजूने उभे राहू. मग मुलीने केली म्हणून तिला ‘मोठं मन ठेव’ एवढेच सांगून कसे भागेल? तिच्या म्हणण्यात खरे किती आणि कुठे ते सुटते, हे नीट पाहिले पाहिजे.

पहिल्यांदा व्यवहाराचे प्रकार वेगळे करू. एक असतो सौदा. सौद्यात बरोबरी हवीच, आणि आमच्या धर्माने तिच्याबद्दल फार बारीक नजर ठेवली आहे. हजरत बिलाल (रजि.) यांनी एकदा हलक्या प्रतीचे दोन माप खजूर देऊन चांगल्या प्रतीचा एक माप खजूर घेतला आणि तो पैगंबरांसाठी (स.) आणला. पैगंबरांनी (स.) तो व्यवहार नापसंत केला, त्याला व्याजाच्या रांगेत बसवले, आणि सांगितले की आधी हलका खजूर पैशाने विकावा, मग त्या पैशाने चांगला घ्यावा. म्हणजे जिनसाला जिन्नस देताना ‘माझे इतके भारी, म्हणून तुझे दुप्पट’ हा हिशेब मधे येऊ द्यायचा नाही. प्रतीची किंमत करायची तर ती उघड बाजारात, पैशाच्या मापाने करावी. दोन माणसांच्या ओंजळीत ती झाली की कोण कुणाला फसवतो आहे हे कळत नाही.

कार्ड म्हणजे खजूर नव्हे, आणि हा फिकहचा नियम कार्डांना लागू आहे असे आमचे म्हणणे नाही. आम्ही मुफ्ती नाही. पण त्या प्रसंगातली एक गोष्ट आम्हाला उपयोगी वाटते. ज्याची प्रत मोजायला बाजारात माप आहे, त्याचीच प्रत मोजून देता येते. कातरकामाच्या जाळीला बाजारात भाव असेल. पण ज्या मुलाने घरी कात्री नसताना हाताने कागद फाडून चाँद केला, त्याच्या चाँदाला कुठल्या बाजारात भाव आहे? दोन्ही कार्डे समोर ठेवून ‘हे बरोबरीचे नाही’ असे म्हणणाऱ्याने एकच माप लावलेले असते, ते म्हणजे दिसण्याचे. वेळ, घरची परिस्थिती, बोटांतले कसब, पहिल्यांदाच करून पाहण्याचे धाडस या बाकीच्या मापांचा काटा कुणाच्याच हाती नाही.

दुसरा प्रकार हदियाचा, म्हणजे भेटीचा. भेटीला मोबदला नसतो. आणि या दोहोंच्या मधे एक तिसरा प्रकार आहे, ज्यावर आमच्या फिकहच्या विद्वानांनी शतकांपूर्वी विचार करून ठेवला आहे. एखाद्याने ‘तूही मला काही देशील’ अशा अटीवर भेट दिली तर तिला काय म्हणावे? हनफी विद्वानांनी सांगितले की असा व्यवहार सुरू होताना हिबा असतो आणि पुरा होताना विक्रीसारखा होतो. भारतीय न्यायालयांतही ‘हिबा-बिल-इवज’, म्हणजे मोबदल्याची हिबा, हा प्रकार मान्य आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने दानाविषयीच्या प्रकरणात मुस्लिम कायद्याचे नियम अबाधित ठेवले. आणि या हिबाबद्दल न्यायालयांनी एक लक्षात ठेवण्यासारखी भूमिका घेतली आहे. मोबदला खरोखर आणि प्रामाणिकपणे दिला गेला का, हे ते पाहतात. तो पुरेसा होता का, हे विचारत नाहीत. मिळकतीच्या बदल्यात एक अंगठी किंवा जानमाजसुद्धा चालते.

आमच्या मते वर्गातली अदलाबदल ही या तिसऱ्या प्रकारची आहे, आणि त्या मुलीच्या तक्रारीचे अर्धे उत्तर इथे मिळते. इथे विचारायचा प्रश्न ‘किती दिले’ असा नाही. ‘खरोखर दिले का’ असा आहे. रेघांच्या कागदावरचे कार्ड हे त्या मुलाने केले असेल, त्याला करता आले तेवढे केले असेल आणि मनापासून पुढे केले असेल, तर मोबदला चुकता झाला. चुकता झाला याचा अर्थ तो सारखा झाला असा नाही.

पण अर्धे उत्तर उरते. समजा त्या मुलाने मनापासून केलेच नाही. तासभर दंगा केला आणि शेवटच्या पाच मिनिटांत काहीतरी खरडले. मग? चिठ्ठीच्या पद्धतीने आळशाला दुसऱ्याची मेहनत फुकट मिळते, हा आक्षेप खरा आहे. त्यावर दोन उपाय सुचवले जातात. एक म्हणजे शिक्षकाने कार्डे पाहून जोड्या लावाव्यात, चांगल्याला चांगले, साध्याला साधे. दुसरा म्हणजे सगळी कार्डे टेबलावर मांडून मुलांना निवडू द्यावे.

पहिला उपाय वरवर न्यायाचा दिसतो. पण त्याने काय होते? ज्याच्या घरी सगळे आहे त्याचे कार्ड दुसऱ्या तशाच घरी जाते, आणि ज्याच्या घरी काही नाही त्याला आयुष्यात एकदाही सुंदर वस्तू हाती घेता येत नाही. बाहेरच्या जगाने लावलेल्या जोड्याच आपण वर्गात पुन्हा लावतो. दुसऱ्या उपायात निवड संपता संपता टेबलावर दोन-तीन कार्डे उरतात, आणि ती कुणाची आहेत हे सगळा वर्ग पाहत असतो. त्यापेक्षा चिठ्ठी बरी. चिठ्ठीला, म्हणजे कुरआला, आमच्यात मान आहे. प्रवासाला निघताना कोणत्या पत्नीने सोबत यावे हे पैगंबर (स.) चिठ्ठी टाकून ठरवत असत. जिथे सगळ्यांचा हक्क सारखा आणि निवडीने कुणाचे मन दुखावेल, तिथे चिठ्ठी न्याय करते. ती कुणाची योग्यता मोजत नाही, म्हणून कुणाचा अपमानही करत नाही.

अशाच प्रकारचा एक उद्योग दूर स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाला, त्याची हकिकत इथे सांगण्यासारखी आहे. १९९७ साली झुरिक शहरात एम. व्हांची श्टिर्नेमान नावाच्या कलावंताने हाताने केलेल्या छोट्या चित्रकार्डांचे प्रदर्शन मांडले, आणि लोकांना निमंत्रण दिले की तुम्हीही कार्ड करून आणा आणि अदलाबदल करा. त्यातून ‘आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड’ ही चाल जगभर पसरली. नियम अगदी थोडे. कार्डाचा आकार अडीच बाय साडेतीन इंच, आणि कार्ड विकायचे नाही, फक्त बदलायचे. रंग, कागद, कापड, धागा, चिकटकाम, काहीही चालेल. म्हणजे क्षेत्र सर्वांना सारखे आखून दिले, आणि त्या क्षेत्रात काय पिकेल ते ज्याच्या त्याच्या हातावर सोडले. नामवंत चित्रकार आणि शाळकरी पोर यांना त्याच आकारात काम करावे लागते, आणि पैसा मधे आणायला मनाई असल्यामुळे मोठ्या नावालाही भाव लावता येत नाही.

यावरून आम्हाला आमचे स्वतःचे कर्तव्य स्पष्ट दिसते. हजरत नुमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एकट्याला भेट दिली आणि पैगंबरांना (स.) तिचे साक्षीदार व्हायला सांगितले. पैगंबरांनी (स.) विचारले, सगळ्या मुलांना असेच दिले आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी साक्ष द्यायला नकार दिला. इथे बरोबरी सक्तीची आहे. का? कारण देणारा वर आहे आणि घेणारे खाली आहेत. बापाने मुलांना, शिक्षकाने वर्गाला, सरकारने नागरिकांना जे द्यायचे ते सारखेच दिले पाहिजे. तिथे ‘मोठे मन ठेवा’ हा उपदेश चालत नाही. मात्र भावंडांनी आपसांत काय द्यावे यावर तशी सक्ती नाही. वरून खाली येणाऱ्या देण्याला तराजू हवा, आणि बरोबरीच्या माणसांत होणाऱ्या देण्याला तराजू नसला तरी चालतो. किंबहुना तो नसावा.

म्हणून वर्गात सामानाचा एकच डबा हवा. घरून आलेली जर, चमकी, पत्रिका सगळे त्या डब्यात पडावे आणि प्रत्येकाने त्यातूनच घ्यावे. कागदाचा तुकडा सर्वांना एका मापाचा, वेळ सर्वांना सारखा, कात्र्या आळीपाळीने. काम वर्गातच व्हावे, घरी थोरल्या बहिणीकडून करून आणू नये. एवढे केल्यावर जो फरक उरेल तो हाताचा आणि मनाचा. हाताचा फरक हा दोष नव्हे. मनाचा फरक अल्लाहला ठाऊक, आणि ज्याचा त्याला ठाऊक.

इथे एक इशारा आम्हाला नेहमी आठवतो. १९३७ च्या ऑक्टोबरात आमच्याच विदर्भात, वर्ध्याला, शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे हा गांधीजींचा विचार तिथे मांडला गेला, आणि योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ साली राष्ट्रपती झाले. ते हस्तोद्योगाच्या बाजूचे होते. तरीही त्यांच्या समितीने अहवालात बजावले की या योजनेत पैशाच्या बाजूवर भर पडून शिक्षणाचा हेतू मागे पडण्याचा धोका आहे, आणि शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील. वस्तू किती उतरली, किती चांगली उतरली, हे पाहण्याच्या नादात मूल दिसेनासे होते. कार्डांच्या जोड्या लावणाऱ्या शिक्षकाचे तेच होते. तो कार्डांचा न्याय करतो आणि मुलांचा विसरतो.

हाताचा फरक हा दोष नव्हे असे आम्ही म्हणतो, त्याला आमच्या कलेच्या इतिहासाचाही आधार आहे. मोगल दरबारात चित्रांच्या आणि खुशखताच्या चिकटवह्या करत, त्यांना मुरक्का म्हणत. शब्दाचा मूळ अर्थच ठिगळ लावलेले असा. सूफींच्या ठिगळांच्या कफनीलाही हेच नाव होते. मुरक्क्याच्या एका पानावर लिपी एकाची, चित्र दुसऱ्याचे, सोनेरी हाशिया तिसऱ्याचा. जहांगीरच्या ‘गुलशन’ मुरक्क्यात, जो आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्याच्या ग्रंथालयात आहे, युरोपातून आलेली छापील चित्रेसुद्धा चिकटवलेली आहेत. दख्खनेत सतराव्या शतकात, बहुधा विजापूरच्या परिसरात, पाण्यावर रंग तरंगवून केलेला अब्रीचा कागद कापून चित्रे तयार झाली. या कामांना लागणारा कागदसुद्धा चिंध्यांचा. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामधल्या कागजीपुऱ्यात हाताने कागद करण्याची परंपरा मुहम्मद बिन तुघलकाच्या काळापासून चालत आली असे तिथे सांगतात. जुने कापड, ताग, रद्दी कुटून, भिजवून एका चौकटीवर घेतली की त्यातला रेशमी धागा कुठला आणि गोणपाटाचा कुठला हे सांगता येत नाही. ही कामे ‘बरोबर’च्या तिसऱ्या अर्थाने झाली. त्यातले तुकडे एकमेकांसारखे नव्हते. ते सोबत होते.

आता देण्याकडून घेण्याकडे वळू, कारण आम्हाला घेणे देण्यापेक्षा अवघड वाटते. शेजारणीने पाठवलेली वस्तू बकरीच्या खुरापलीकडे काही नसली तरी तिला क्षुल्लक समजू नये, अशी शिकवण पैगंबरांनी (स.) बायकांना उद्देशून दिली आहे. देणाऱ्याला उद्देशून ‘चांगले द्या’ असे सांगणारे पुष्कळ आहेत. इथे घेणाऱ्याला सांगितले आहे की तोंड वाकडे करू नको. आणि सूरह निसाच्या ८६ व्या आयतीत सलामाबद्दल जो आदेश आहे, त्याचा आशय असा की कुणी अभिवादन केले तर त्याहून चांगल्या शब्दांत, निदान तेवढ्याच शब्दांत, उत्तर द्यावे. या आदेशात एक बारकावा आहे. बरोबरी राखण्याची जबाबदारी उत्तर देणाऱ्यावर आहे. पहिल्याने सलाम केला, त्याला ‘मला तेवढाच सलाम परत दे’ असे मागण्याचा परवाना या शब्दांत कुठे नाही. बरोबरी करायची आहे ती आपण, दुसऱ्याकडून वसूल करायची नाही.

त्या मुलीच्या तक्रारीचे उरलेले उत्तर आम्हाला इथे सापडते. तिने सुंदर कार्ड केले, तेव्हा तिचे काम बरोबर झाले. चिठ्ठी निघण्याआधीच झाले. समोरून काय आले याने ते कमी होत नाही. आणि ज्याने कंटाळून खरडले त्याचे काम बरोबर झाले नाही, त्याला चांगले कार्ड मिळाले म्हणून ते सुधारत नाही. उलट ते सुंदर कार्ड त्याच्याजवळ राहते आणि त्याच्याशी बोलत राहते. असे मूल पुढच्या वर्षी सुधारतेच असे आम्ही म्हणणार नाही. पण शिक्षेने जे सांगता येत नाही ते हातात पडलेले चांगले काम सांगू शकते, एवढा आमचा विश्वास आहे.

आपल्या गावांतून एक रीत अजून टिकून आहे. शेजारून काही खायला आले तर भांडे रिकामे परत करायचे नाही. ईदला शिरखुर्म्याचा डबा जातो, तो दिवाळीला चकल्या-करंज्या घेऊन येतो. कधी लगेच परत करायचा तर आत साखरेची चिमूट तरी घालतात. शिरखुर्मा आणि साखरेची चिमूट यांची बरोबरी कुणी करत नाही. आणि दिवाळीपर्यंत जे देणे उरते, त्यामुळेच दोन घरांत येणे-जाणे राहते. ज्या दिवशी ‘तुमचे काही उरले नाही, आमचे काही उरले नाही’ असा हिशेब पुरा होतो, त्या दिवशी दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यासारखी दोन्ही घरे आपापल्या वाटेने जायला मोकळी होतात. याउलट आजच्या मोबाइलवरच्या शुभेच्छा पाहा. एकच चित्र दोनशे जणांना जाते, दोनशे जणांकडून तशीच चित्रे येतात. इतकी तंतोतंत बरोबरी कुठल्याच अदलाबदलीत नसेल. पण ते चित्र कुणासाठी केलेले नसते, म्हणून त्यात कुणी कुणाच्या सोबत नसते.

मात्र आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप असा आहे की तो टाळून पुढे गेलो तर हा सगळा विचार गुळमुळीत ठरेल. हिशेब ठेवू नका, असे सांगणे कुणाला सोपे असते? ज्याचे वर आहे त्याला. गावात दोन समाज असतील, त्यातला एक संख्येने थोडा आणि ताकदीने कमी असेल, आणि देणे नेहमी त्यानेच द्यायचे, डबा त्यानेच पाठवायचा, कार्ड त्याच्याच मुलांनी नेऊन द्यायचे, तर त्याला अदलाबदल म्हणायचे की खुशामत? आमच्या घरांतून हा प्रश्न हल्ली वारंवार ऐकू येतो. ‘आपणच किती दिवस जायचं?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला कोत्या मनाचा ठरवणे आम्हाला मान्य नाही.

मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली भेटवस्तूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. निरनिराळ्या समाजांतल्या चाली तपासून त्याने दाखवले की भेटीच्या व्यवहारात तीन बंधने असतात. देणे, घेणे आणि परत करणे. आपले लक्ष बहुधा पहिल्या आणि तिसऱ्यावर जाते. आम्हाला इथे मधले बंधन महत्त्वाचे वाटते. घ्यायला नकार देणे म्हणजे नातेच नाकारणे. परत आलेली वस्तू लहान असू शकते, उशिरा येऊ शकते. पण तुमच्या हातचे आम्ही घेऊ, आमच्या भिंतीवर लावू, आमच्या ताटात वाढू, हे जर दुसऱ्या बाजूला मान्य नसेल, तर अदलाबदल सुरूच झालेली नाही.

म्हणून वस्तूची बरोबरी आणि दर्जाची बरोबरी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. वस्तूची बरोबरी मागू नये, ती मागितली की मैत्रीचा सौदा होतो. दर्जाची बरोबरी मात्र मागावी, निर्भयपणे मागावी. तिच्याशिवाय देणे ही हाजी-हाजी होते. उर्दू शाळेतल्या मुलाचे कार्ड मराठी शाळेतल्या मुलाच्या कार्डापेक्षा साधे असेल, किंवा उलटेही असेल. त्याने काही बिघडत नाही. पण दोन्ही कार्डे एकाच डब्यातून निघाली पाहिजेत, आणि दोन्ही मुलांनी चिठ्ठी उघडेपर्यंत सारख्याच उत्सुकतेने वाट पाहिली पाहिजे. एकाच्या कार्डावर चाँद असावा आणि दुसऱ्याच्या कार्डावर आकाशकंदील, आणि दोघांनाही ते घरी नेताना संकोच वाटू नये. यासाठी कुणी आपली खूण पुसण्याची गरज नाही. फक्त एक काळजी आम्ही मुलांना घ्यायला सांगतो. कार्डावर आयत किंवा अल्लाहचे नाव लिहू नका, कारण ज्याच्या हाती ते जाईल त्याला तो कागद कसा जपायचा हे ठाऊक नसेल, आणि नकळत बेअदबी झाली तर दोष त्याचा नसेल. घेणाऱ्यावर त्याला न पेलणारे ओझे टाकू नये, हाही दर्जाच्या बरोबरीचाच भाग आहे.

पहिले कुणी जावे, हा प्रश्न मग उरतो. त्याला आमचे उत्तर असे आहे. ज्याच्या हातात आज करण्यासारखे काही आहे त्याने जावे. मान खाली घालून जाऊ नये आणि उपकार करतो आहोत अशा थाटातही जाऊ नये. सलाम आधी करणारा लहान होत नाही, हे आपण रोज पाहतो आणि पाळतो. गेल्यावर समोरून घेतले जाते का, एवढे मात्र डोळे उघडे ठेवून पाहावे. घेतले गेले, तर परत काय येते याची मोजदाद सोडून द्यावी. नाकारले गेले, तर ते नाकारणे आहे हे स्पष्ट शब्दांत सांगावे, मनात ठेवून कुढू नये, आणि तरीही पुढच्या वर्षीचा कागद फाडून टाकू नये.

न्याय तराजूनेच होतो असे मानणाऱ्याला हे अपुरे वाटेल. तराजूची जागा आम्ही नाकारत नाही. मजुरीत, बाजारात, वाटणीत, शाळेच्या आणि सरकारच्या देण्यात तराजू हवाच, आणि तिथे आम्हाला कमी मिळत असेल तर आम्ही बोललेच पाहिजे. पण माणसे एकमेकांना हाताने करून जे देतात त्यात ‘बरोबर’चा अर्थ छातीसमोर छाती असा घ्यावा. तशा उभ्या राहणाऱ्या दोन माणसांची उंची सारखी नसते. एकाला थोडे वाकावे लागते, दुसऱ्याला टाचा उचलाव्या लागतात. गळाभेट त्यामुळे अडत नाही.